बिलांची वर्गवारी आता संगणकाकडून

पूर्वी दुकानात बिले तारेला टोचून ठेवीत आणि महिनाअखेर मुनीम ती पार्टीवार लावून खतावणीत चढवी. आता बिल मोबाईलवर येते, तेथून संगणकात जाते. पण पार्टीवार लावण्याचे काम बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. नगरच्या कापड बाजारातील दुकानदार असो की श्रीरामपूरचा भुसार व्यापारी, एकाच फोल्डरात शेकडो फाइली साचतात. जी.एस.टी. कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. मागणी झाली आणि खरेदीचे बिल दाखविता आले नाही, तर इनपुट टॅक्स क्रेडिट हातचे जाऊ शकते. तेव्हा हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही, पैशाचा आहे.

ही वर्गवारी शेल स्क्रिप्ट नावाच्या छोट्या आज्ञावलीने होते. शेल म्हणजे आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याची सोय. लिनक्समध्ये ती मोफत मिळते. विंडोज १० व ११ वरही बसविता येते. एकेक टंकावयाच्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहिल्या की झाली स्क्रिप्ट.

मात्र स्क्रिप्ट बिल वाचत नाही, ती फक्त फाइलीचे नाव वाचते. व्हॉट्सॲपवरून मोबाईलवर आलेल्या चित्राचे नाव ‘आयएमजी’ने सुरू होते; त्यात तारीख असते, पार्टी नसते. म्हणून आधी नाव द्यावे: प्रथम पार्टी, मग तारीख, मग बिल क्रमांक, मध्ये आडवी रेघ. उदाहरणार्थ, ‘संगमनेर१-२०२५०७१४-०४१२’. तारखेत वर्ष आधी लिहिल्याने फाइली आपोआप क्रमाने लागतात. बिल क्रमांकात तिरपी रेघ कायद्याला चालते, पण फाइलीच्या नावात चालत नाही. तेथे आडवी रेघच वापरावी.

नाव एकाच पद्धतीने लिहावे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. एकाच पार्टीच्या फाइलींवर कुठे ‘नगर’, कुठे ‘अहमदनगर’, कुठे ‘अहिल्यानगर’ लिहिले, तर संगणक तीन वेगळे फोल्डर करील. कोणतेही एक ठरवावे. बदल फक्त फाइलीच्या नावात करावा, मूळ बिलाला हात लावू नये.

आता स्क्रिप्टचे काम पाहू. ‘फॉर’ ही आज्ञा फोल्डरातील आडवी रेघ असलेली एकेक फाइल घेते. पहिल्या रेघेच्या आधीचा भाग म्हणजे पार्टीचे नाव, ते ती बाजूला काढते. ‘एमकेडीआयआर’ त्या नावाचा फोल्डर बनविते. सोबत ‘-पी’ लिहिल्यास आधीच असलेल्या फोल्डराबद्दल तक्रार करीत नाही. शेवटी ‘एमव्ही’ फाइल त्यात हलविते. रेघ नसलेल्या फाइली जागेवरच राहतात. त्या हाताने पाहाव्यात.

येथे तीन खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली, ‘एमव्ही’सोबत ‘-एन’ अवश्य लिहावे. नाही तर त्याच नावाची फाइल तेथे आधी असेल, तर नवी तिच्यावर बसते आणि जुने बिल कायमचे जाते. दुसरी, फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल तर शेल तिचे तुकडे समजते. म्हणून स्क्रिप्टमध्ये नाव नेहमी दुहेरी अवतरणचिन्हात असावे. तिसरी, हलविण्याच्या आज्ञेपुढे ‘एको’ लिहून आधी रंगीत तालीम करावी. मग फाइल हलत नाही, काय कुठे जाणार तेवढे पडद्यावर दिसते. यादी बरोबर असेल, तरच ‘एको’ काढावे.

त्याआधी संपूर्ण फोल्डराची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर दहा ओळींची ही स्क्रिप्ट त्यांच्याकडून लिहून घ्यावी आणि दरमहा विवरणपत्र भरण्यापूर्वी चालवावी. नाव देण्याची शिस्त मात्र दुकानदारानेच पाळावी लागेल. ते काम कोणतीही आज्ञावली करणार नाही.