नावं ठेवणारे आजोबा

आपल्याकडे नावं ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांची वानवा नाही. मारुती चितमपल्लींनीही जन्मभर नावं ठेवली, फक्त माणसांना नाही. संध्याकाळी शेकडो कावळे ज्या झाडांवर रात्रीच्या मुक्कामाला जमतात, त्या जागेला त्यांनी ‘काकागार’ म्हटलं. बगळे-ढोकरींच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’. 18 जून 2025 रोजी सोलापुरात ते गेले, तेव्हा 92 वर्षांचे होते. वर्तमानपत्रांनी ‘अरण्यऋषी’ हे बिरुद ठळक टायपात छापलं. मला ते कधी फारसं रुचलं नाही. ऋषी म्हटलं की माणूस कोनाड्यात जाऊन बसतो आणि आपण हात जोडून मोकळे होतो. मराठी वाचणाऱ्या घरांतले ते फॉरेस्टातून निवृत्त झालेले आजोबा होते. गोष्ट रंगात आली की मध्येच थांबून ‘हे झाड कोणतं, सांग’ असं विचारणारे.

आमच्या पिंपरी-चाकण पट्ट्याशी त्यांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. आहे, थोडासा आहे. 1958 ते 1960 ही दोन वर्षं कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण घेतल्यावर त्यांनी जिथे जिथे नोकरी केली, त्यात ढेबेवाडी, पानशेत, महाबळेश्वर यांच्या जोडीला वडगाव मावळही आहे. हेच, तळेगाव ओलांडलं की लागणारं वडगाव. चाकणहून कंटेनरच्या रांगेत अडकत तळेगावकडे जाणाऱ्याला हे सांगितलं, तर खरं वाटणार नाही. त्या वेळी पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहून थोडीच वर्षं झाली होती. एमआयडीसीची स्थापना 1962 ची. चाकण म्हणजे तेव्हा कांद्याचा बाजार आणि एक पडका भुईकोट. चितमपल्ली खात्यात चढत गेले, तसतशी इकडे पिंपरी, आकुर्डी, भोसरी भरत गेली. 1990 मध्ये ते उपमुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या दशकात चाकणची पाळी आली.

जन्म 5 नोव्हेंबर 1932, सोलापूरचा. घरची भाषा तेलुगू. रानाचं पहिलं शिक्षण आईकडून आणि मामांकडून मिळालं, असं ते सांगत. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावातला मुलगा मामाबरोबर रानोमाळ हिंडला आणि पुढे मराठीतला सगळ्यात मोठा अरण्यलेखक झाला. कर्नाळा, नागझिरा, मेळघाट हे टप्पे मी इथे पटकन ओलांडतो, कारण खरा मुक्काम नवेगावबांधचा.

नवेगावबांधच्या तलावाकाठी त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. रान पाठ असलेला माणूस. साहेब खालच्या माणसाकडून हुकमाची तामिली करून घेतो, हा सरकारी शिरस्ता. हे साहेब मात्र त्यांच्याकडून शिकत राहिले. कोणतं पाखरू कुठल्या महिन्यात येतं, त्याला गोंड काय म्हणतात, ढिवर काय म्हणतात, सगळं टिपून ठेवलं. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ या पुस्तकांचं भांडवल हेच. ‘रातवा’ या पुस्तकाचं नाव तर एका निशाचर पाखराचंच. अंगावर खात्याची जबाबदारी असताना ते संस्कृत शिकले आणि हंसदेव या जैन पंडिताचं तेराव्या शतकातलं ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणलं. निवृत्तीनंतर बागेत पाणी घालत बसायचं सोडून कोश रचायला घेतले. ‘पक्षिकोश’ त्यातला.

त्यांनी मराठीला एक लाख नवे शब्द दिले, असं त्यांच्याविषयीच्या लेखांत छापून आलं. या आकड्याच्या नादी न लागलेलं बरं. काकागार आणि सारंगागार हे दोनच दिले असते, तरी पुष्कळ होतं. दुसरी गोष्टही बोलून टाकावी: त्यांनी नोंदलेलं सगळंच शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. आदिवासींच्या समजुती, दंतकथा, प्रत्यक्ष पाहिलेलं, हे त्यांच्या लिखाणात एकाच ताटात वाढलेलं असतं. आजोबांच्या गोष्टींत तसंच असतं. वाचणाऱ्याने आपलं आपण निवडावं. पण ते त्यांनी टिपलं नसतं, तर निवडायलाही काही उरलं नसतं.

त्यांची पुस्तकं वाचून या पट्ट्यात फिरू लागलं की कंपनीच्या बसवरच्या पाट्या वेगळ्या दिसतात. चिंचवड म्हणजे चिंच आणि वड. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर म्हणजे पिंपळ. वडमुखवाडी, आंबेठाण. आख्खं बन पाट्यांवर आहे. ही सगळी नावं कुणा खातेदाराने नाही, झाडाखाली विसावलेल्या माणसांनी ठेवलेली. आता पाटीखाली उभा राहून बसची वाट बघणाऱ्या पोराला पिंपळ आणि पिंपरण वेगळे सांगता येत नाहीत. त्याचा दोष नाही. त्याला ते सांगणारे आजोबा गावाकडे राहिले.

रान मात्र पुरतं गेलेलं नाही. मार्च 2022 मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला. काम थांबलं, वनखात्याची माणसं आली, त्याला बेशुद्ध करून बाहेर काढलं. ‘बिबट्या कंपनीत शिरला’ अशा बातम्या झाल्या. कंपनी कुणाच्या हद्दीत शिरली, हे कुणी विचारलं नाही. खालच्या उसात आणि वरच्या डोंगरात वावरणारं ते जनावर, त्याला प्लॉट नंबर कोण सांगणार?

2006 साली सोलापुरातच भरलेल्या 79 व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जन्मगावी असा मान किती जणांच्या वाट्याला येतो! अखेरची वर्षंही त्यांनी सोलापुरातच काढली. पद्मश्री जाहीर झाली ती 2025 च्या जानेवारीत, म्हणजे जाण्याआधी जेमतेम पाच महिने. इतक्या उशिरा मिळालेल्या मानाचं कौतुक करायचं की खंत करायची, मला ठरवता येत नाही. त्यापेक्षा मोलाचं काम राज्य सरकारने 2020 मध्ये केलं: त्यांचा वाढदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा 12 नोव्हेंबर, यांच्यामधले दिवस ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळायचे ठरवले.

त्या आठवड्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, जनरल शिफ्ट सुटण्याच्या जरासं मागेपुढे. येत्या नोव्हेंबरमध्ये गेटबाहेर पडलात की बस पकडायच्या आधी दहा मिनिटं वर बघा. कावळे एका दिशेने जाताना दिसतील. ते कुठल्या झाडांवर उतरतात ते शोधा, सोबत घरातलं एखादं पोर न्या, आणि त्याला सांगा की या जागेला मराठीत काकागार म्हणतात.