बशीत न वाढणारा विषाणू

'हेपॅटायटिस सी'चा विषाणू १९८९ साली सापडला, मग सोफोसबुविरसारखी गोळी यायला २०१३ का उजाडलं, असं एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. तोवर रुग्ण महिनोन्महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं सोसत होते.

अडचण अशी, की हा विषाणू प्रयोगशाळेत वाढायलाच तयार नव्हता. रुग्णाच्या रक्तातून काढून पेशींवर सोडला, तर धड रुजायचा नाही. माणसाखेरीज त्याला मानवायचा तो चिंपांझी. आता चिंपांझीवर हजारो रसायनं कोण तपासणार?

जर्मनीत माइन्झ विद्यापीठात फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी १९९९ साली यावर जी युक्ती काढली, तिचं मला अजून अप्रूप वाटतं. विषाणूच्या आरएनएमधला कवच घडवणारा भाग त्यांनी काढून टाकला आणि तिथे एका जहाल प्रतिजैविकाला निष्प्रभ करणारं जनुक बसवलं. हे आरएनए यकृताच्या कर्करोगातून आलेल्या 'एचयूएच-७' पेशींत घातलं आणि वर तेच प्रतिजैविक ओतलं. घरात शिरलेल्या चोराच्याच हाती विहिरीचा दोर दिला म्हणा ना! चोर टिकला तरच घरच्यांना पाणी. बहुतेक पेशी मेल्या. ज्या मोजक्या तगल्या, त्यांच्यात आरएनए स्वतःच्या प्रती काढत होतं. कवचच नसल्याने संसर्गाचा धोकाही नाही. या 'रेप्लिकॉन'वर रसायनं चाळता चाळताच पुढे डक्लाटासविर या औषधाचा माग लागला.

अर्थात बशीतल्या यशाने हुरळून जाऊ नये. पेशींत जोमाने वाढताना आरएनएत जे बदल झाले, तेच बदल घातलेला विषाणू चिंपांझीत मात्र रुजेना! पेशींत पूर्ण विषाणू तयार होऊन तो इतर पेशींना बाधेल, ही मजल गाठायला २००५ उजाडलं. तेही ताकाजी वाकिता यांना एका जपानी रुग्णात 'जेएफएच-१' हा अजब वाण सापडला म्हणून.

२०२०चं नोबेल हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं. तिघांचंही काम त्या तोलाचंच. पण औषधांची वाट ज्या प्रयोगाने मोकळी केली, तो या यादीत नाही, हे मला खटकतं. बार्टेनश्लागर यांना निदान २०१६चा लास्कर पुरस्कार मिळाला. १९९९च्या शोधनिबंधावर पहिलं नाव लोमान यांचं आहे. ते दोन्हीकडे नाही.