महिन्यांतून एकदां दाबावयाची कळ

दूध उतूं जाऊं लागलें तर त्याचा वास येतो, नळ गळूं लागला तर थेंबांचा आवाज होतो, आणि छप्पर गळूं लागलें तर भिंतीवर डाग उमटतो. गृहिणीचे डोळे, कान व नाक अशा सूचना टिपण्यास सरावलेले असतात. विजेची गळती मात्र अशी कोणतीच वर्दी देत नाहीं. ती सुरूं झाली आहे हें पुष्कळदां ओल्या हाताला व अनवाणी पायालाच प्रथम कळतें, आणि तें कळण्याची किंमत फार मोठी असते. या गळतीवर नजर ठेवणारें एक लहानसें उपकरण आतां पुष्कळ घरांतून मीटरजवळच्या पेटींत बसविलेलें असतें. तें आपल्या घरीं आहे काय, असल्यास जागें आहे काय, आणि तें वारंवार वीज तोडूं लागल्यास काय करावें, या तीन प्रश्नांसंबंधानें चार शब्द लिहावे असें मनांत आहे. लिहिण्याचें कारण घरगुती आहे, आणि त्यांत दोष माझा आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आषाढ लागला होता. आमच्या घरीं रोज पहाटे साडेपांच-सहाच्या सुमारास एकाएकीं सर्व दिवे जात. पेटी उघडून पाहावें तों एका उपकरणाचा खटका खालीं पडलेला. तो वर केला कीं कधीं राही, कधीं पुनः पडे. त्या वेळीं गिझर, पाण्याचा पंप, मिक्सर, पंखे असें सर्वच एकदम चालूं असल्यामुळें दोष कोणाचा हें कळेना. आठवडाभर हा खेळ चालल्यावर मीं एका वायरमनला बोलाविलें. त्यानें पांच मिनिटें पाहून सांगितलें, ‘‘साहेब, हें यंत्र फार नाजूक असतें, पावसाळ्यांत असा त्रास देतेंच. म्हणाल तर बाजूला टाकून तारा सरळ जोडून देतों.’’ दुसऱ्या दिवशीं पाहुणे यावयाचे होते. मीं ‘‘द्या जोडून’’ म्हटलें. त्या दिवसापासून दिवे गेले नाहींत, आणि प्रश्न सुटला असें समजून मी स्वस्थ झालों.

श्रावणांत एके दिवशीं पत्नी म्हणाली, ‘‘न्हाणीघरांतल्या नळाला हात लावला कीं मुंग्या आल्यासारखें होतें.’’ मीं तें हंसण्यावारी नेलें. सुदैवानें त्याच आठवड्यांत माझे मामा आमच्याकडे उतरले. त्यांचें सारें आयुष्य विजेच्या कामांत गेलेलें. ही हकीकत कानांवर पडतांच त्यांनीं हातांतील चहाचा पेला खालीं ठेवला. ‘‘कोणीं नळाला हात लावूं नका,’’ असें म्हणून ते थेट पेटीपाशीं गेले व त्या उपकरणावरील लहानशी कळ त्यांनीं दाबली. कांहींच झालें नाहीं. दिवे तसेच जळत राहिले. ‘‘ही कळ दाबल्याबरोबर घरांत अंधार व्हावयास हवा होता,’’ ते म्हणाले. ‘‘तो झाला नाहीं, हेंच वाईट.’’

मेन बंद करून शोध घेतला तेव्हां उलगडा झाला. गिझरमधील पाणी तापविणाऱ्या दांडीचें वेष्टण फुटलें होतें, आणि त्याच्या प्लगांतील अर्थिंगची तार स्क्रूंतून निसटली होती. जमिनींत जाण्याची सरळ वाट बंद झाल्यामुळें गळती पाण्यांतून, लोखंडी नळांतून आणि पावसानें ओलावलेल्या भिंतींतून वाट काढीत होती. रोज पहाटे तें उपकरण आम्हांला हीच गोष्ट सांगत होतें, आणि मीं वायरमनकरवीं त्याचें तोंड बंद करविलें होतें!

या उपकरणास आर.सी.सी.बी. म्हणतात, बाजारांत व बोलण्यांत ई.एल.सी.बी. हें जुनें नांवही अद्याप चालतें. त्याचें तत्त्व घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणासही समजण्याजोगें आहे. फेजच्या तारेनें जितका प्रवाह घरांत येतो तितकाच न्यूट्रलच्या तारेनें परत गेला पाहिजे. या दोन्ही तारा उपकरणांतील एका चुंबकीय धातूच्या कड्यांतून नेलेल्या असतात. जमा आणि खर्च सारखे असले म्हणजे दोन्ही तारांचा चुंबकीय परिणाम एकमेकांस खोडून टाकतो व कडें शांत राहतें. प्रवाहाचा कांहीं अंश मनुष्याच्या अंगांतून किंवा भिंतींतून जमिनींत गेला कीं मेळ बिघडतो, कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि तिच्या योगानें खटका पडतो.

येथें कोणी म्हणेल कीं, आमच्या पेटींत एम.सी.बी. आहेत, तेवढे पुरे नाहींत काय? नाहींत, आणि याचें उत्तर साध्या गणितांत आहे. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या अंगाचा अवरोध सुमारें १००० ओहम धरला तर त्यांतून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची गति बिघडविण्यास तो पुरेसा आहे. परंतु १६ अँपिअरचा एम.सी.बी. १६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह नेहमींचाच समजतो. प्राणघातक प्रवाह त्याच्या सुमारें सत्तराव्या हिश्श्याएवढाच असतो. एम.सी.बी. तारांचें रक्षण करतो, माणसांचें नव्हे.

मनुष्यास किती वीज सोसते याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनीं केला. हातांत धरलेली तार स्वतःच्या इच्छेनें सोडतां येईल असा कमाल प्रवाह पुरुषांत सरासरी सुमारें १६ व स्त्रियांत सुमारें १०.५ मिलिअँपिअर असतो, असें त्यांना स्वयंसेवकांवरील प्रयोगांत आढळलें. त्यापलीकडे स्नायु आंखडतात, आणि मूठ उघडावी म्हटलें तरी उघडत नाहीं. १९६१ सालीं त्यांनीं अशा गळतीवर वीज तोडणारें उपकरण योजिलें, आणि अमेरिकेंत माणसांच्या रक्षणासाठीं सुमारें ५ मिलिअँपिअरची मर्यादा रूढ झाली. आपल्याकडे घरांसाठीं ३० मिलिअँपिअरचें उपकरण वापरतात. यावरून वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. हें उपकरण असतांही धक्का बसेल, कदाचित् जोराचाही बसेल. परंतु तो हृदयाला घातक होण्याइतका वेळ टिकणार नाहीं. येथें प्रवाहाच्या मानाइतकेंच वेळेलाही महत्त्व आहे.

आतां बसविण्याविषयीं. हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें. तथापि यजमानानें पुढील गोष्टी स्वतः विचाराव्या. उपकरणावर ३० मिलिअँपिअर असें लिहिलें आहे काय? १०० वा ३०० मिलिअँपिअरचीं उपकरणें आगीपासून बचावासाठीं असतात. माणसांच्या रक्षणासाठीं तीं पुरेशीं नाहींत. त्यावर भारतीय मानक १२६४० चा उल्लेख आहे काय? तें कोणत्या वर्गाचें आहे? ‘एसी’ वर्गाचें उपकरण केवळ साध्या प्रत्यावर्ती प्रवाहाची गळती ओळखतें. ‘ए’ वर्गाचें उपकरण इलेक्ट्रॉनिक भाग असलेल्या कपडे धुण्याच्या यंत्रासारख्या वस्तूंतून होणारी तुटक एकदिश गळतीही ओळखतें, म्हणून आजच्या घरांत तें अधिक योग्य. फेजबरोबर न्यूट्रलही त्यांतून नेली आहे काय, आणि त्यापुढील न्यूट्रल कोठेंही अर्थिंगला किंवा दुसऱ्या फाट्याच्या न्यूट्रलला जोडलेली नाहीं ना? हा घोळ झाल्यास उपकरण विनाकारण पडतें, किंवा गळती होऊनही पडत नाहीं. इन्व्हर्टर असल्यास त्याच्यावर चालणाऱ्या फाट्याचा स्वतंत्र विचार करावयास सांगावें. मुख्य पेटींतील पहारा वीज गेल्यानंतर त्या फाट्यावर राहीलच असें नाहीं. शक्य असल्यास न्हाणीघर व स्वयंपाकघर यांस एक आणि उरलेल्या घरास दुसरें, अशीं दोन उपकरणें घ्यावीं, म्हणजे एका गिझरच्या दोषापायीं सारें घर अंधारांत बसणार नाहीं.

बसविल्यानंतर परीक्षा. उपकरणावर इंग्रजी ‘टी’ अक्षराची किंवा ‘टेस्ट’ असें लिहिलेली कळ असते. ती दाबली कीं आंतील एका अवरोधांतून मुद्दाम थोडी गळती घडविली जाते, व खटका तत्काळ पडला पाहिजे. न पडल्यास उपकरण निकामी आहे, किंवा आमच्या घरासारखा प्रकार झाला आहे असें समजून त्याच दिवशीं वायरमनला बोलवावें. मात्र ही कळ केवळ उपकरणाची परीक्षा करते, अर्थिंगची नव्हे. अर्थिंग तुटलेली असली तरी खटका पडतोच. तेव्हां अर्थिंगची तपासणी वेगळी करवावी, आणि वर्षा-दोन वर्षांनीं परीक्षायंत्र आणवून खटका किती प्रवाहाला व किती वेळांत पडतो हेंही मोजवून घ्यावें. ३० मिलिअँपिअरचें उपकरण १५ मिलिअँपिअरला पडूं नये, ३० ला सेकंदाच्या तीन दशांशांच्या आंत पडावें, आणि १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आंत पडावें.

खटका वारंवार पडूं लागला तर संतापूं नये. सर्व प्लग काढावे, सर्व एम.सी.बी. खालीं करावे, मुख्य खटका वर करावा आणि एकेक फाटा, मग एकेक वस्तु चालूं करीत जावें. ज्या वस्तूपाशीं खटका पडेल तिच्यावर संशय. सर्व कांहीं बंद असतांही तो पडला तर बहुधा न्यूट्रल कोठें तरी जमिनीशीं लागलेली असते; एका तारेचा एम.सी.बी. फक्त फेज तोडतो, म्हणून तो खालीं केल्यानें हा दोष दूर होत नाहीं. तेथें आपलें काम संपलें व वायरमनचें सुरूं झालें. तो ‘‘बाजूला टाकतों’’ म्हणाला तर त्याला नम्रपणें निरोप द्यावा व दुसरा शोधावा.

या पहारेकऱ्याच्या शक्तीलाही मर्यादा आहे. कोरड्या लाकडी स्टुलावर उभें राहून कोणी एका हातानें फेज व दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरली तर जमा-खर्चाचा मेळ बिघडत नाहीं आणि खटका पडत नाहीं. म्हणून गणपतीच्या मखराला दिव्यांच्या माळा लावतांना सोललेली तार आणि ओला हात यांची गांठ पडूं न देणें हें शहाणपण आपलें आपणच राखिलें पाहिजे.

दर महिन्यास कळ दाबावी असें पुष्कळशा उपकरणांवर लिहिलेलें असतें, परंतु तें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. आमच्या घरीं आतां संकष्टी चतुर्थीचा दिवस त्यासाठीं नेमला आहे. त्या दिवशीं सकाळीं संगणक बंद करून पत्नी स्वतः पेटीपाशीं जाते व कळ दाबते. खट् असा आवाज होतो, पंखे मंदावतात, घर क्षणभर अंधारतें, आणि आंतून आई विचारते, ‘‘जागा आहे ना गं?’’ ‘‘जागा आहे,’’ असें उत्तर देऊन ती खटका वर करते, आणि मग अंघोळीचें पाणी तापूं लागतें.