टेकऑफ ते लँडिंग: दोन मिनिटं!

जगातलं सर्वांत छोटं नियमित विमानउड्डाण कुठलं, माहीत आहे? स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटसमूह आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं हवाई अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीसुद्धा याहून लांब आहे!

वेळापत्रकात उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली असतात, पण वाऱ्याची साथ असेल तर दीड मिनिटही पुरतं. विक्रम आहे 53 सेकंदांचा. गंमत म्हणजे इथे वेळ अंतरापेक्षा वाऱ्यावर आणि कोणत्या दिशेने धावपट्टीवर उतरायचं यावर जास्त ठरते. विमान उंची गाठून स्थिरावण्याआधीच उतरायला लागतं.

लोगनएअरने 1967 मध्ये ही सेवा सुरू केली. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलँडर: दोन पंख्यांचं, आठ-नऊ प्रवाशांचं, आखूड धावपट्टीवर सहज उतरणारं. नशीब असेल तर थेट वैमानिकाच्या शेजारची सीट मिळते.

पर्यटक हौसेने येतात, हे खरंच. पण पापा वेस्ट्रेवर जेमतेम शंभरेक माणसं राहतात, आणि शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांच्यासाठी हे विमान म्हणजे रोजची एसटीच. मला तर विक्रमापेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटतं.