धनशोधन प्रतिबंध : सनदी लेखापाल आत, वकील बाहेर

अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरीकाठी वसलेल्या पुणतांब्याच्या शिवारात एखादी जमीन विकली जाते, तेव्हा गावाला दिसतो तो नोंदणीकृत दस्त आणि पुढे सात-बाऱ्यावरील फेरफार. खरेदीचा पैसा मुळात कोठून आला, हे त्या कागदांवरून कळत नाही. समजा, लाचेतून मिळालेली रक्कम कोणी एका नव्या मर्यादित दायित्व भागीदारी संस्थेत भांडवल म्हणून घातली. तेथून ती कर्जाच्या रूपाने गावातील शेतकऱ्याच्या खात्यात आली आणि त्याच्या नावे जमीन घेतली गेली. राज्यात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच विकत घेता येते. म्हणून अशा उसन्या नावाला मोल येते. यालाच धनशोधन म्हणतात. येथे ‘शोधन’ म्हणजे शोध नव्हे, शुद्धीकरण.

ही साखळी जुळविण्यास जाणकार हात लागतो. धनशोधन प्रतिबंधक अधिनियम, २००२ हा १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्याखालील नोंदी ठेवण्याचे व कळविण्याचे कर्तव्य बँका व वित्तीय संस्थांवर होते. ३ मे २०२३ च्या केंद्रीय अधिसूचनेने व्यवसाय करणारे सनदी लेखापाल, कंपनी सचिव व परिव्यय लेखापाल यांनाही त्यात आणले. मात्र केवळ सल्ला, लेखापरीक्षण किंवा विवरणपत्र भरणे यांस हा नियम लागू नाही. अशिलाच्या वतीने स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, त्याच्या पैशाचे, रोख्यांचे वा बँक खात्यांचे व्यवस्थापन, कंपनीसाठी भांडवल उभारणी, कंपनी वा न्यास स्थापणे व चालविणे आणि उद्योगसंस्थांची खरेदी-विक्री यांसंबंधीचे आर्थिक व्यवहार प्रत्यक्ष पार पाडल्यास तो लागू होतो. अशा वेळी अशिलाची व खऱ्या लाभधारकाची ओळख पटविणे, नोंदी पाच वर्षे जपणे आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षास कळविणे भाग असते. कळविल्याची कुणकुण अशिलास लागू द्यावयाची नसते.

या अधिसूचनेत वकिलांचे नाव नाही. पॅरिस येथे १९८९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाच्या शिफारशींत लेखापालांबरोबर वकीलही आहेत, आणि भारत २०१० पासून त्या दलाचा सदस्य आहे. ब्रिटनने वकिलांवर हे बंधन घातले, पण कायदेशीर सल्ल्याची गोपनीयता राखून. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१५ मध्ये वकिलांपुरत्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. पक्षकाराने वकिलाजवळ मन मोकळे करावे, हे तत्त्व मोलाचे आहे यात शंका नाही. तथापि तालुक्याच्या ठिकाणी जमिनीचे दस्त बहुधा वकीलच तयार करतात. म्हणजे ग्रामीण भागातील जमीन-व्यवहारांच्या बाबतीत नवी तरतूद सर्वांत तोकडी पडते, हे मान्य केले पाहिजे.

नाव उसने देणारा शेतकरी मात्र कायद्याबाहेर नाही. १९८८ च्या बेनामी व्यवहारविषयक अधिनियमात २०१६ साली झालेल्या सुधारणेनुसार खऱ्या मालकाबरोबर नामधारकासही एक ते सात वर्षे सक्तमजुरी व मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जमीन सरकारजमा होते. ग्रामसभेत फेरफारांचे वाचन होते, तेव्हा सदस्यांनी ही तरतूद ग्रामस्थांना अवश्य सांगावी.