डिंगो : कुणाचा वैरी, कुणाचा सोबती

तुमच्या दारातला कुत्रा भाकरीच्या तुकड्यावर इमान राखतो, रात्री वाडा राखतो. अशाच तोंडवळ्याचा एक कुत्रा ऑस्ट्रेलियाच्या रानात राहतो. त्याचे नाव डिंगो. तो शिकार करून पोट भरतो, मेंढ्या फाडतो. पण पिल्लू असताना घरी आणून वाढवला तर माणसाच्या कामालाही येतो. जनावरे सांभाळणाऱ्या घराने त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

तांबूस रंग, उभे कान, झुपकेदार शेपूट, पांढरे पंजे आणि वजन पंधरा-वीस किलो. पाहताक्षणी तुम्ही त्याला गावठी कुत्राच म्हणाल. मात्र तो क्वचित भुंकतो. लांब हेल काढून ओरडतो. मादी वर्षातून एकदाच विते. आपल्याकडच्या कोळसुंद्यालाही आपण रानकुत्रा म्हणतो, पण त्याची जात अगदी निराळी. पाळीव कुत्र्याशी त्याचा संकर होत नाही. डिंगोचा होतो.

तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांबरोबर समुद्रमार्गे डिंगो त्या खंडावर आला. तिथले आदिवासी हिवाळ्यात बिळातून त्याची पिल्ले काढून आणीत. बायका ती पोटच्या पोरासारखी वाढवीत. गारठ्याच्या रात्री त्यांची ऊब मिळे, परका माणूस आला तर आधी वर्दी मिळे, कुठे कुठे शिकारीलाही मदत होई. वयात आले की पुष्कळ डिंगो रानात परत जात.

सन 1788 मध्ये इंग्रजांची वसाहत झाली आणि पुढे मेंढ्यांचे कळप वाढले. तेव्हा हाच सोबती वैरी ठरला. डिंगो कळपात शिरला तर खातो थोडे आणि मारतो फार. ज्याची मेंढरे गेली त्याचा संताप खोटा नव्हता. विष झाले, सापळे झाले, बंदुका झाल्या. शेवटी तारेचे कुंपण घातले. आज ते सुमारे 5600 किलोमीटर लांब आहे. म्हणजे मुंबई-नागपूर अंतराच्या सहा-सात पट! कुंपणाने मेंढ्या वाचल्या, पण डिंगो हटल्यावर आतल्या बाजूला कांगारू वाढले आणि मेंढ्यांच्या वाट्याचे गवत खाऊ लागले. एक शत्रू घालवताना दुसरा भागीदार घरात आला.

आता गंमत पाहा. ज्या काळात डिंगो मारले जात होते, त्याच काळात, 1840 च्या सुमारास, थॉमस हॉल नावाच्या पशुपालकाने विलायतेहून गुरे हाकणारे कुत्रे आणवले आणि माणसाळवलेल्या डिंगोशी त्यांचा संकर केला. त्यातून पुढे ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग ही जात घडली. हा कुत्रा गुराच्या मागून जातो, खुराजवळ चावा घेतो आणि लाथ येण्याआधी खाली दबतो. उन्हातान्हात मैलोगणती चालतो. कुंपणाबाहेरच्या वैऱ्याचे रक्त असे कुंपणाआतल्या चाकराच्या अंगात आले.

अलीकडे तिथले काही मेंढपाळ इटलीतल्या मारेम्मा जातीचे राखणदार कुत्रे पाळतात. त्यांची पिल्ले लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवतात, म्हणजे कळपालाच ती आपले कुटुंब समजतात. आपला धनगरही कळपाबरोबर कुत्री बाळगतो आणि लांडग्यापासून मेंढरे राखतो. ही विद्या आपल्याला परकी नाही.

तेव्हा शेळ्या-मेंढ्या असतील तर चांगल्या राखणदार कुत्रीचे पिल्लू दीड-दोन महिन्यांचे असतानाच वाड्यात आणा. त्याला खायला वाड्याजवळच आणि वेळेवर द्या. खेळता खेळता करडांच्या मागे लागले तर तिथल्या तिथे दटावा. खोड एकदा जडली की सुटत नाही. रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्या. नको झालेली पिल्ले शिवारात सोडू नका; उपाशी कुत्र्यांची टोळी जमली की पहिला घाला तुमच्याच शेळीवर पडतो. आणि लांडग्या-कोळसुंद्यांसाठी विष घालू नका. 1972 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि विषाला आपला कुत्रा कोणता, परका कोणता हे कळत नाही.

कुत्रा रानातला असो की दारातला, तो राखणदार होईल की लुटारू हे पुष्कळसे त्याला वाढवणाऱ्या हातावर असते.