सिद्धगडच्या पायथ्याशी पंधरा ऑगस्ट

शहापूरला आमचे झेंडावंदन बहुधा पावसातच होते. मुलांच्या पांढऱ्या गणवेशावर चिखलाचे शिंतोडे, भिजून काठीला चिकटलेला झेंडा आणि वाऱ्याची वाट पाहत मान वर करून उभे असलेले आम्ही सगळे. मग जिलेबी घेऊन घरी यायचे आणि उरलेला दिवस सुट्टीचा.

गेल्या वर्षी मात्र मुरबाडच्या शाळासोबत्याने आदल्या दिवशीच फोन केला, "झेंडावंदन झालं की निघ. सिद्धगडला जाऊ. पोरांनाही घे." आम्ही चौघे मित्र, तीन मुले, एक जीप. दोघांचा श्रावण, म्हणून घरून सांदणे आणि गूळ घातलेले नारळाचे दूध नेले. आमच्या घरी श्रावणातल्या सहलीचा डबा कित्येक वर्षे असाच ठरलेला आहे.

म्हसा गेले, नारिवली आली. तेवढ्यात माझ्या सातवीतल्या मुलाने विचारले, "अब्बा, स्वातंत्र्याच्या लढाईत आपल्यातलं कोण होतं?"

"आपल्यातलं म्हणजे?"

"म्हणजे मुसलमान. वर्गात एकाने विचारलं. मला सांगता आलं नाही."

गाडीत क्षणभर कुणीच बोलले नाही. मग मीच घाईघाईने युसुफ मेहेरअलींचे नाव घेतले. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या दोन्ही घोषणा त्यांच्या. 1942 मध्ये ते मुंबईचे महापौर होते. मुलाचा चेहरा खुलला. मला हायसे वाटले आणि लगेच त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. कुणीतरी पावती मागावी आणि मी खिसे चाचपून ती काढून द्यावी, तसे झाले होते ते.

स्मारकापाशी पोचलो तेव्हा गड ढगात होता. इथेच 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. कोतवाल माथेरानचे, नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा काढल्या. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये मुंबईत 'भारत छोडो' घुमल्यावर त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. हिराजी हे मानिवलीच्या गोमाजी पाटलांचे चिरंजीव. बापही दस्त्यात, लेकही दस्त्यात. कोतवालांनी तेव्हा वयाची तिशी नुकती ओलांडली होती.

ज्या गावांवरून ती वीज जात होती, त्या गावांत कंदील होते. आज आमच्या तालुक्यातून तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. मित्र म्हणाला, "कोतवाल असते तर आपल्याला घरी बसू दिलं नसतं." आम्ही हसलो, पण फार नाही.

मी मुलाला जवळ बोलावले. म्हटले, "मघाशी मी तुला अर्धंच उत्तर दिलं. घोषणा मेहेरअलींची. ती ऐकून या रानात जीव दिला तो या दोघांनी. तुझ्या पणजोबांचं गाव इथून काही कोसांवर. त्यांच्यासाठीही दिला. उद्या वर्गात कुणी विचारलं, तर तिघांची नावं सांग."

"आणि तो म्हणाला, हे दोघे तुमच्यातले नाहीत, तर?"

मला उत्तर सुचेना. मित्राचा मुलगा त्याच्याच वयाचा, तो म्हणाला, "तर मला हाक मार. मी सांगतो त्याला."

जोहरची वेळ झाली. झऱ्यावर वुजू केली. ओल्या कातळावर प्लास्टिक अंथरून त्यावर जानमाज टाकली. दुसऱ्या रकातीला सर आली, पण अंगावर थेंब पडेना. सलाम फेरून पाहिले, तर मित्र छत्री धरून मागे उभा, स्वतः नखशिखांत भिजलेला. दुआसाठी हात उचलले आणि त्या दिवशी शुक्र कशाकशाचा अदा करावा, हेच समजेना. जरा वेळ लागला.

"आटप रे," तो म्हणाला, "सांदणं संपवतायत पोरं."